मुलींची लाथ खरंच कमी लागते का?

सिंहगडरोडकर
लेक तेरा वर्षांची आहे. चार वर्षं तायक्वांदो शिकतेय, सध्या ब्लू बेल्ट. गेल्या रविवारी क्लासमध्ये एक छोटं यंत्र आणलं होतं. ते किक पॅडला लावायचं आणि लाथ मारली की आकडा दिसतो. सगळी मुलं रांगेत उभी. तिच्याच वजनाचा, म्हणजे ४४ किलोचा एक मुलगा आहे, तो क्लासला आलाय तिच्यानंतर वर्षभराने. तिन्ही वेळा त्याचा आकडा हिच्यापेक्षा चांगलाच वर गेला. हिने चौथी संधी मागितली तर सर म्हणाले, "अगं, मुलींच्या लाथेत एवढाच दम असतो. तू पॉइंटवर लक्ष दे."

सर मनापासून शिकवतात, याबद्दल माझी तक्रार नाही. पण येताना स्कूटरवर ती एक अक्षर बोलली नाही. राजाराम पुलाच्या सिग्नलला थांबलो तेव्हा मागून म्हणाली, "आई, मी कितीही वर्षं शिकले तरी तो पुढेच राहणार का?"

मला उत्तर देता आलं नाही. खोटं धीर देणारं काही सांगायचं नाहीये. यातलं शरीराचं किती आणि शिकण्या-शिकवण्याचं किती, हे कुणी नीट सांगेल का?

पर्वतीपायथा
बल म्हणजे वस्तुमान गुणिले त्वरण. वजन सारखं, मग फरक त्वरणाचा. म्हणजे वेग कमी पडतोय.

लोडसेल
पर्वतीपायथा, सूत्र बरोबर, पण यातलं वस्तुमान म्हणजे वजनकाट्यावरचं वजन नव्हे. मी भोसरीला टेस्टिंगमध्ये आहे, आघात मोजणं हे रोजचं काम, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

लाथ लागते त्या क्षणी तिच्या मागे शरीराचा जेवढा भाग घट्ट जोडलेला असतो, तेवढंच वस्तुमान कामाला येतं. माणसाचा अख्खा पाय सरासरीने एकूण वजनाच्या सोळा टक्क्यांच्या आसपास असतो, म्हणजे ४४ किलोच्या मुलीचा सात किलो. गुडघ्यापासून नुसता पाय झटकला तर पोटरी आणि पाऊल एवढंच येऊन आदळतं, ते सहा टक्के, म्हणजे पावणेतीन किलो. कंबर वळवून मारली तर मांडी येते, ढुंगण येतं, धडाचाही वाटा येतो. म्हणून एकाच वजनाच्या दोघांची लाथ सारखी असेलच असं नाही.

दुसरं म्हणजे वेग. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो. वेग दीडपट झाला तर ऊर्जा सव्वादोनपट होते. म्हणून हलक्या माणसाने वेगाच्या मागे लागावं.

तिसरा माझा प्रश्न आहे. पॅड कोणी धरलं होतं? पॅड धरणारा लाथेबरोबर मागे सरकला तर तीच लाथ जास्त वेळात पसरते आणि वरचा आकडा खाली येतो. धरणाऱ्याने पाय रोवून पॅड किंचित पुढे दिलं तर आकडा चढतो. लाथ पॅडच्या मधोमध लागली की कडेला, यानेही फरक पडतो. हे माहीत नसेल तर त्या आकड्यांची तुलनाच करता येत नाही.

सिंहगडरोडकर
लोडसेल, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! मुलांचं पॅड एका ब्लॅक बेल्टवाल्या दादाने धरलं होतं, चांगला सत्तर किलोचा असेल. मुलींचं पॅड एका अकरावीतल्या मुलीने. मुलींना संकोच नको म्हणून सरांनीच तसं ठरवलं होतं.

लोडसेल
मग ती चाचणी बाद धरा. भिंतीला टेकवलेल्या किंवा टांगलेल्या बॅगवर दोघांना परत मारायला सांगा.

स्पष्ट_बोलतो
चाचणी बाद धरा, परत घ्या, काहीही करा, सोळाव्या वर्षी तो मुलगा पुढेच असणार आहे. मी पंधरा वर्षं कराटे केलंय. मुलींना "तुम्ही कुठेच कमी नाही" असं सांगून आपण त्यांचं नुकसान करतो. प्रसंग आला की समोर आडदांड माणूस असतो, तो वजनगट विचारत नाही. फरक आहे आणि मोठा आहे, हे तिला आजच सांगा.

फिजिओ_कर्वेनगर
स्पष्ट_बोलतो यांचं निम्मं बरोबर आहे, आणि ते लपवू नये असं मलाही वाटतं. माझ्याकडे गुडघे घेऊन येणाऱ्या मुलींत कराटे-तायक्वांदोवाल्या बऱ्याच असतात.

वयात येण्याआधी मुलगा-मुलगी यांच्या ताकदीत फारसा फरक नसतो. मुलींची उंची साधारण दोन वर्षं आधी वाढायला लागते, त्यामुळे पाचवी-सहावीत कित्येक वर्गांत मुलीच उंच दिसतात. पुढे मुलांत टेस्टोस्टेरॉन वाढतं, स्नायू भरतात, हाडं रुंदावतात. मुलींत याच काळात चरबीचं प्रमाण वाढतं, आणि ते निरोगी वाढीचंच लक्षण आहे. म्हणजे तेराव्या-चौदाव्या वर्षी त्याचे ४४ किलो आणि हिचे ४४ किलो काट्यावर सारखे असले तरी आतला माल सारखा नसतो. त्यात तो लवकर वाढणारा असेल तर आणखी.

प्रौढांत बायकांची वरच्या अंगाची ताकद सरासरीने पुरुषांच्या निम्म्याच्या थोडी वर भरते. पायांची मात्र दोन-तृतीयांशाच्या आसपास. म्हणजे हातापेक्षा पायात अंतर कमी आहे! मुलीने लाथेवर मेहनत घ्यावी याला एवढं एक कारण पुरे. आणि दोघांच्या स्नायूचा एकाच जाडीचा तुकडा घेतला तर त्याचा जोर जवळपास सारखाच असतो. बाईचा स्नायू कमअस्सल नाही, तो कमी आहे. आणि जे कमी आहे ते व्यायामाने वाढवता येतं.

पुरुषांची लाथ सरासरीने जोरात बसते, हे खरं. वजनाने भागलं की ते अंतर आक्रसतं, बहुतेक वेळा पूर्ण मिटत नाही. पण "सरासरीने" हा शब्द सोडू नका. चांगली शिकलेली मुलगी कच्च्या शिकलेल्या मुलापेक्षा जोरात मारते, हे कुठल्याही क्लासमध्ये दिसतं. सरांनी सरासरी सांगितली, तीही पोरीला "तुझी हद्द" म्हणून. ते मला पटलं नाही.

आता माझ्या काळजीचा मुद्दा. लाथ मारताना तिचा उभा, म्हणजे जमिनीवरचा पाय वळतो का? फिरवून मारायच्या लाथेत उभ्या पायाची टाच लक्ष्याकडे वळली पाहिजे. पाऊल रोवलेलं राहिलं आणि वरून कंबर फिरली तर सगळा पीळ गुडघ्यात जातो. पळता पळता वळणं, थांबणं, उडी मारून उतरणं ज्या खेळांत आहे, तिथे मुलींचं एसीएल, म्हणजे गुडघ्यातलं पुढचं बंधन, फाटण्याचं प्रमाण मुलांच्या दुपटीहून अधिक आढळतं. ओटीपोट रुंद असल्याने मांडीचं हाड जरा जास्त तिरकं येतं, उतरताना गुडघे आत कलतात, मांडीमागचे स्नायू पुढच्यांच्या मानाने कमी पडतात, अशी कारणं एकत्र येतात. यातलं हाड बदलता येत नाही, बाकीचं शिकवता येतं.

जुना_दोबोक
फिजिओताई, टाच वळणे हा मुद्दा सोन्यासारखा आहे. मी दहा वर्षं खेळले, बालेवाडीच्या संकुलात राज्य स्पर्धाही खेळले. डोल्यो चागीत, म्हणजे याच फिरवून मारायच्या लाथेत, मला जोर आला तो पाय मजबूत झाल्यावर नाही, टाच सुटल्यावर. त्याआधी पाय वर जायचा पण कंबर मागेच राहायची. आवाजावरून कळतं. कंबर आली की पॅड "धप्प" वाजतं, नुसता झटका असला की "चट्ट".

खेळाचं म्हणाल तर तायक्वांदोने हा फरक केव्हाच मान्य केलाय. २००० च्या सिडनी ऑलिंपिकपासून हा पदकांचा खेळ झाला, तेव्हापासून पुरुषांचे चार आणि महिलांचे चार असे वेगळे वजनगट आहेत. सगळ्यात हलका गट पुरुषांचा ५८ किलोखाली, महिलांचा ४९ किलोखाली. २०१२ च्या लंडनला लाथेचा जोर मोजणारे, सेन्सरवाले इलेक्ट्रॉनिक चेस्ट गार्ड आले. त्यात किती जोराची लाथ धरायची ती पातळी वजनगटाप्रमाणे आणि स्त्री-पुरुष वेगळी लावतात. पातळी ओलांडली की गुण. त्याच्या वर कितीही जोर लावला तरी जास्त गुण नाहीत. अंगावरच्या साध्या लाथेला दोन, डोक्यावरच्या लाथेला तीन. म्हणजे उंची आणि वेळ साधली की झालं, आणि लवचिकपणात मुली सरासरीने पुढे असतात. तेव्हा "पॉइंटवर लक्ष दे" हा सल्ला खेळापुरता चुकीचा नाही. पण तो "तुला जोर जमणार नाही" याला जोडून दिला, तिथे चुकलं.

मुठाकाठ
सेन्सर आल्यापासून पुढचा पाय उचलून नुसतं टोचत राहायची सवय लागली पोरांना. तलवारबाजी वाटते. पूर्वीची दणक्याची लाथ बघायला मजा यायची.

जुना_दोबोक
मुठाकाठ, याला अनुमोदन. पण त्यासाठी वेगळा धागा काढा, इथे पोरीचा प्रश्न राहून जाईल.

जुन्नरची
तो झटका कसा येतो हे मला गोफणीवरून कळलं. आमच्याकडे ज्वारी राखायला माळ्यावर उभं राहून गोफण फिरवायची. नवशिका हात फिरवतच राहतो आणि दगड बांधावरच पडतो. सरावलेला माणूस हात पुढे आणून झटकन थांबवतो आणि दोरीचं एक टोक सोडतो, तेव्हा दगड सुटतो. कराटे शिकताना सेंसेई, म्हणजे आमचे सर, म्हणायचे, मांडी आधी, पोटरी नंतर. मांडी लक्ष्यापाशी येऊन थांबली की तिचा वेग खालच्या पायात उतरतो. मावाशी गेरी, म्हणजे कराटेतली फिरवून मारायची लाथ, मला त्या दिवशी समजली. याला दांडगं शरीर लागत नाही, क्रम लागतो. आमच्या माळ्यावर माझी आई दगड सर्वांत लांब टाकायची.

लोडसेल
जुन्नरची, यांत्रिकीच्या भाषेतही हे असंच आहे. जमीन, उभा पाय, कंबर, मांडी, पोटरी, पाऊल, या क्रमाने एकेक भाग वेग घेतो आणि पुढच्याला देऊन स्वतः मंदावतो. चांगल्या खेळाडूचं पाऊल सेकंदाला दहा मीटरच्या पुढे जातं, म्हणजे ताशी ३६ किलोमीटर. लक्ष्मी रोडवर संध्याकाळी कुठली गाडी एवढी पळते!

आजी_शनिवारपेठ
नातीसाठी वाचत होते, राहवलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही टाच वळवणं टाच वळवणं म्हणताय, ते आम्ही लंगडीत शिकलो. एका पायावर धरायला धावायचं आणि समोरचीने हुलकावणी दिली की चवड्यावर गर्रकन वळायचं. टाच टेकली की तोल गेलाच. मंगळागौरीला फुगडी घालताना पावलं जवळ ठेवून अंग मागे टाकायचं, तेव्हा पोट आवळून धरावं लागतं, नाहीतर दोघी पडतात. आता मुलींना अंगणच नाही. पार्किंगमध्ये गाड्या. त्या पोरीला लंगडी खेळायला लावा, माझं ऐका.

दुसरं. आम्हाला लहानपणापासून "पाय जवळ घेऊन बस" सांगितलं. मांडी उघडी करून पाय वर उचलायचा म्हटलं की अंगच आखडतं. तुमच्या लेकीला कुणी तसं बोललं नसेल, पण आसपास ती ऐकतच असेल.

फिजिओ_कर्वेनगर
आजी, नमस्कार! लंगडी मी उद्यापासून माझ्या मुलींना देणार. एका पायावर उतरताना गुडघा पायाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत राहतो का, हे बघायचं, एवढीच भर घालते.

आणि आखडण्याबद्दल अगदी खरं. मुली लाथ लागायच्या आधीच वेग कमी करतात, हे मी पाहिलंय. पॅडच्या पुढच्या पृष्ठभागाला मारतात, पॅडच्या पलीकडे मारत नाहीत. लागेल का कुणाला, ही भीती. त्यात आपण लहानपणापासून "हळू, कुणाला लागेल" मुलीलाच जास्त सांगतो.

स्पष्ट_बोलतो
हे मान्य. माझी बहीण शिकायची तेव्हा पॅड धरणाऱ्याला आधी "सॉरी" म्हणायची आणि मग मारायची. पण प्रसंगाचा मुद्दा मी सोडत नाही.

स्वारगेट_बसस्टॉप
प्रसंगाचं मी सांगते. भर गर्दीच्या बसमध्ये लाथ मारायला पाय उचलता येत नाही. मी टाच उचलून मागच्याच्या पावलावर सगळं वजन टाकलं होतं. तो पुढच्या स्टॉपला उतरला. तिथे माझे ५० किलो पुरले. मोकळ्या रस्त्यावर असते तर पळाले असते, आणि पळणं हेसुद्धा शिकवायला हवं असं माझं ठाम मत आहे. उंच लाथेची रस्त्यावर गरज नाही, खाली नडगीवर किंवा गुडघ्यावर मारावी.

स्पष्ट_बोलतो
हे मी माझ्या भाचीला वाचून दाखवणार आहे.

पर्वतीपायथा
क्लासमध्ये जमीन कसली आहे? आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये रबरी चौकटीच्या मॅट आहेत. पावसाळ्यात अनवाणी पाऊल त्यावर चिकटतं. मुलगा वळतो आणि पाऊल वळत नाही. त्याचा गुडघा दोन आठवडे दुखत होता.

फिजिओ_कर्वेनगर
फार कामाचं विचारलंत. पाऊल चिकटणारी मॅट असेल तर टाच आधी उचलायची, वजन चवड्यावर घ्यायचं आणि मग वळायचं. घामेजलेले पाय मधून मधून कोरडे पुसावेत. गुळगुळीत फरशीवर उलटं, पाऊल सरकतं आणि जोर लावायला जमीनच मिळत नाही.

हडपसरवाला
विषयांतर आहे, पण आमच्या हडपसरच्या शांताबाई पवार आठवल्या. २०२० मध्ये ८५ व्या वर्षी रस्त्यावर लाठीकाठी फिरवत होत्या, सगळ्या देशाने व्हिडिओ पाहिला. मनगट आणि खांदा कसा सुटा चालत होता! तिथेही जोर कमी आणि क्रम जास्त. पोरीला दाखवा.

सिंहगडरोडकर
सगळ्यांचे मनापासून आभार. मध्ये तीन आठवडे गेले, काय झालं ते सांगते.

आधी मोबाइलवर तिची लाथ स्लो मोशनमध्ये घेतली. तिने स्वतःच तीनदा मागे-पुढे करून पाहिली. लाथ लागते त्या क्षणी उभ्या पायाची बोटं सरळ पॅडकडे होती. टाच हललीच नव्हती. गुडघा मात्र आत पिळलेला स्पष्ट दिसत होता, माझ्या पोटात गोळा आला. चार वर्षांत हे कुणाच्याच लक्षात आलं नाही, माझ्याही नाही.

मग पार्किंगमध्ये खडूने एक रेघ काढली. सुरुवातीला बोटं रेघेवर, लाथ संपताना टाच रेघेवर. पहिले काही दिवस लाथ मारायचीच नाही, नुसतं वळायचं. आजींनी सांगितलेली लंगडी बिल्डिंगमधल्या पाच मुली रोज संध्याकाळी खेळतात, खालच्या मजल्यावरच्या काकू पंच असतात. फिजिओताईंनी सांगितलेलं, पॅडच्या पलीकडे मारायचं, हे तिला सगळ्यात अवघड गेलं. पॅड मी धरत होते. ती थांबायची आणि म्हणायची, "आई, तुला लागेल." मी उशी मागे घेऊन भिंतीला टेकले, तेव्हा कुठे तिने मोकळी लाथ मारली. आवाज खरंच बदलला, जुना_दोबोक. धप्प.

सरांशी बोलले. आधी थोडे नाराज झाले. पण पॅड कोणी धरलं होतं हे सांगितल्यावर गप्प राहिले आणि म्हणाले, बरोबर आहे, परत घेऊ. या रविवारी टांगलेल्या बॅगवर सगळ्यांची चाचणी घेतली, मुलं-मुली एकत्र. त्या मुलाचा आकडा अजूनही वर आहे, पण अंतर पहिल्याच्या निम्म्याहून कमी उरलंय. हिचा मधला आकडा त्याच्या सगळ्यात कमी आकड्याच्या वर गेला.

घरी येताना तिला फिजिओताईंनी लिहिलेलं जसंच्या तसं सांगितलं. स्नायू, वय, सरासरी, सगळं. बहुतेक तो पुढे राहील, हेही सांगितलं. तिने विचारलं, "आणि माझी टाच अजून किती वळायची राहिलीये?"

लोडसेल
ताई, व्हिडिओत उभ्या पावलाचा कोन मोजता येईल. आधीच्या व्हिडिओतलं एक चित्र आणि आत्ताचा एक नवा फोटो इथे द्या, मी आकृती करून देतो.

सिंहगडरोडकर
उद्या काढते. आज वॉचमनकाकांनी पार्किंग धुतलं, रेघ पुसली गेली. ती आत्ता खाली जाऊन परत काढतेय.